दातेरी कडेची गोष्ट

नायगाऱ्यापुढे उभ्या असलेल्या आईवडिलांचा फोटो नाही असं मराठी घर अमेरिकेत सापडणं कठीण. पाचवारी साडी, तिच्यावर सुनेचा स्वेटर, पायांत नातवाचे पांढरे बूट आणि मागे धबधबा. आमच्याकडेही असा एक फोटो आहे. १९८८ च्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी लाँग आयलंडला आली होती, तेव्हाचा. इतरांच्या फोटोंपेक्षा त्यात वेगळं एवढंच, की आई हसते आहे. एरवी कॅमेरा दिसला की ती पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी बसायची. त्या दिवशी वाऱ्याने तिचा अंबाडा सुटला, तुषारांनी चष्मा भिजला, आणि ‘अरे, पुरे झालं तुझं अमेरिकादर्शन’ म्हणत ती जी हसली, नेमकं तेव्हाच माझ्या हातून बटण दाबलं गेलं.

१९९५ मध्ये आई सांगलीत वारली. वर्षश्राद्धाच्या आधी धाकट्या बहिणीचा फोन आला. “दादा, भिंतीवर लावायला हसरा फोटो हवाय. तो नायगाऱ्याचा पाठव. पण शेजारचा रेनकोटवाला गोरा नको, आणि धबधबाही नको. नुसती आई पाठव.”

मी त्या वेळी मंडळाच्या अंकाची जुळणी करत असे. कात्री, डिंक आणि व्हाइटनर यांचा जमाना नुकताच संपला होता. ऑफिसात मॅकिंटॉश होता, स्कॅनर होता, फोटोशॉप होतं. मनात म्हटलं, यात काय अवघड आहे? एका शनिवारी दोन तास बसून ‘लॅसो’ नावाच्या दोरीने आईच्या आकृतीभोवती फास टाकला, तिला उचललं, गडद मरून रंगावर ठेवलं, छापलं आणि पाकीट रवाना केलं. दहा दिवसांनी पुन्हा फोन. “फोटो मिळाला रे दादा. पण आईला करवतीने कापलंय का?”

तिचं खरं होतं. खांद्याची उतरती रेघ जिन्याच्या पायऱ्यांसारखी झाली होती. साडीच्या काठाला फिकट पांढरी किनार आली होती, जशी काही आईच्या मागे कुणी ट्यूबलाइट धरली आहे. आणि वाऱ्याने उडालेले केस, ज्यांच्यामुळे ती हसली होती, ते माझ्या फासाबाहेर राहून कायमचे गेले होते.

पेशाने मी इंजिनियर. चूक झाली की ती का झाली हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हापासून ही दातेरी कड माझ्या मागे लागली, आणि सवड मिळेल तसं मी तिच्याविषयी वाचत गेलो. संपादकांनी ‘दोन पानं जास्त झाली तरी हरकत नाही’ असं म्हटल्यामुळे वाचकांना आता ती गोष्ट सविस्तर ऐकावी लागणार आहे.

मॅटीवरचा पोपट

आमच्या सांगलीच्या घरात, सोप्यातल्या भिंतीवर, आईने लग्नानंतर लवकरच भरलेला एक पोपट आहे. मॅटीच्या कापडावर, फुलीच्या टाक्याने. अशी भरतकामं बऱ्याच वाचकांच्या घरी असतील. कुठे पोपट, कुठे ताजमहाल, कुठे ‘सुस्वागतम्’. मॅटीचं कापड म्हणजे चौकटींचा कागद. एका चौकटीत एक फुली, आणि फुलीला रंग एकच. अर्धी चौकट हिरवी आणि अर्धी मोकळी, ही सोय साध्या फुलीत नाही. म्हणून सरळ रेघ सरळ येते, पण चोच, शेपटी, पंखाची गोलाई या ठिकाणी पायऱ्या पडतात. लांबून पोपट, जवळून जिना.

संगणकाच्या पडद्यावरचं चित्र हे असंच मॅटीवरचं भरतकाम. त्याच्या चौकटीला पिक्सेल म्हणतात. ही चौकट मुळात आली कुठून? १९५७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श नावाच्या तरुण इंजिनियरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फोटो संगणकात घालण्याचं यंत्र तयार केलं. त्यात घातलेला पहिला फोटो होता कर्शच्या तीन महिन्यांच्या मुलाचा. पाच सेंटिमीटर लांबरुंद फोटो, त्याच्या १७६ उभ्या आणि १७६ आडव्या ओळी केल्या. म्हणजे एकंदर तीस हजार नऊशे शहात्तर चौकोन. त्या काळच्या संगणकाच्या स्मरणात यापेक्षा जास्त मावत नव्हतं. प्रत्येक चौकोनाला प्रश्न एकच विचारला जाई: काळा की पांढरा? करडा रंग मिळवायचा तर तोच फोटो वेगवेगळ्या उजेडाच्या पातळ्यांवर पुन्हा पुन्हा वाचून त्या वाचनांची बेरीज करावी लागे.

कर्श २०२० मध्ये गेले. म्हातारपणी त्यांना पिक्सेल चौकोनी केल्याची रुखरुख लागली होती. २०१० मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीच्या वर्षी, चित्राप्रमाणे आकार बदलणारे पिक्सेल वापरून कडा कशा सुधारता येतील यावर ते काम करत होते. आपल्या लेकराच्या गालाच्या कडेला पडलेल्या पायऱ्या त्यांना इतकी वर्षं खुपत असतील का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. निदान मला ते समजू शकतं.

कात्रीचा काळ

पण कडेचं दुखणं संगणकाहून जुनं आहे. एका फोटोतला माणूस उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवायची हौस फोटोग्राफीइतकीच जुनी. १८५७ मध्ये ऑस्कर रेलांडर याने इंग्लंडमध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र छापून एक भलंमोठं चित्र केलं. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्ह जोडून मरणशय्येवरच्या मुलीचं चित्र केलं. त्यात सगळं कसब जोड लपवण्याचं. पडद्याची घडी, खुर्चीची पाठ, असं काहीतरी हेरून नेमकं तिथे सांधायचं, म्हणजे पाहणाऱ्याची नजर अडखळत नाही. आपल्याकडचे स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून रिटचिंग करत, त्यातही अशीच नजर लागायची.

चित्रपट आला आणि काम हजारपट झालं, कारण आता कड हलायला लागली. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस काळ्या पडद्यासमोर माणूस उभा करून त्याच फिल्मवर दोनदा-तीनदा चित्रण करी आणि स्वतःचीच डोकी टेबलावर मांडून दाखवी. हा मूळचा जादूगार. आपले दादासाहेब फाळकेही चित्रपटाच्या आधी फोटोग्राफर, ब्लॉकमेकर, छपाईवाले होते, आणि आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करत. त्यांच्या पौराणिक चित्रपटांतले चमत्कार याच दोन विद्यांच्या संगमातून आले.

पुढे हॉलिवुडमध्ये ‘मॅट’ ची पद्धत रुळली. (या मॅटचा आपल्या मॅटीशी संबंध नाही.) नटाच्या आकाराची काळी सावली फिल्मवर तयार करायची. ती एका पार्श्वभूमीत भोक पाडते आणि त्या भोकात नट बसवायचा. फ्रँक विल्यम्सला याचं पेटंट १९१८ मध्ये मिळालं. १९३३ चा ‘द इन्व्हिजिबल मॅन’ त्याच तंत्राच्या जोरावर उभा राहिला. रंगीत चित्रपट आल्यावर निळा पडदा आला. लॅरी बटलरने १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ मध्ये तो वापरला आणि ऑस्कर मिळवलं. माणसाच्या कातडीत निळा रंग सगळ्यांत कमी, म्हणून निळं ते मागचं आणि बाकीचं ते माणसाचं, असा हिशेब.

हा हिशेब कडेला चुकायचा. सावली आणि नट केसभर जरी सरकले तरी भोवती रेघ दिसायची. १९५६ च्या ‘द टेन कमांडमेंट्स’ मध्ये समुद्र दुभंगतो त्या प्रसंगात माणसांभोवती निळसर रेघा स्पष्ट दिसतात. पहिल्यांदा तो चित्रपट पाहिला तेव्हा मला वाटलं होतं, ते पुण्यवान लोकांचं तेज असावं! आणि केस, धूर, काच, पातळ ओढणी ही तर या पद्धतीची हक्काची दुखणी. कारण सावलीला दोनच गोष्टी ठाऊक: आहे किंवा नाही. धूर आहेही आणि नाहीही.

ही गाठ सोडवली पेट्रो व्लाहोस यांनी. १९५९ च्या ‘बेन-हर’ साठी त्यांनी निळ्या आणि हिरव्या रंगांतल्या फरकाच्या आधाराने असा मॅट तयार केला, ज्यात पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं यांच्यामध्ये करड्या छटा होत्या. जिथे केस विरळ तिथे मॅट फिकट. पुढे १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’ साठी सोडियमच्या पिवळ्या दिव्याचा पडदा वापरला गेला. त्यात तिच्या टोपीवरची जाळीसुद्धा नीट उतरली. तरीही फिल्मची मर्यादा होतीच. १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ मध्ये पांढऱ्या बर्फावरून उडणाऱ्या विमानांभोवती काळ्या रेघा राहिल्या. त्या पुसायला १९९७ ची आवृत्ती आणि संगणक यावा लागला.

तोतया

आता संगणकाकडे वळू. पायऱ्या का पडतात याचं शास्त्रीय उत्तर चित्रकलेतून आलं नाही, टेलिफोनच्या तारांमधून आलं. बेल कंपनीत काम करणारे हॅरी नायक्विस्ट (हे स्वीडनहून इथे आलेले, म्हणजे आपल्याच जातीचे) यांनी १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅननने १९४९ मध्ये जे मांडलं, त्याचा मथितार्थ असा: कुठल्याही लहरीची अधूनमधून मोजमापं घेऊन ती पुन्हा उभी करायची असेल, तर तिच्यातल्या सगळ्यांत वेगवान थरथरीच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं पाहिजे. कमी वेळा मोजलंत तर खरी लहर हाती लागत नाही, तिच्या जागी भलतीच एक संथ लहर हजर होते. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ते यामुळेच. सेकंदाला चोवीस चित्रं त्या आऱ्यांना पुरत नाहीत.

या भलत्या लहरीला इंग्रजीत ‘एलिअस’ म्हणतात, म्हणजे खोट्या नावाने वावरणारा. मराठीत याला शब्द शोधायला लांब जायला नको. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचं नाव घेऊन जो उभा राहिला, तोच हा तोतया. पायरी ही तिरप्या रेघेचा तोतया आहे. रेघ खरी तिरपी असते, पण चौकटी पुरेशा बारीक नसल्याने तिच्या नावावर जिना वावरतो.

ही ओळख चित्रांच्या बाबतीत नीट पटवून दिली फ्रँक क्रो यांनी. युटा विद्यापीठात १९७६ मध्ये त्यांनी यावरच प्रबंध लिहिला आणि पुढच्या वर्षी त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: पिक्सेल म्हणजे सुईने टोचलेला बिंदू समजू नका, तो एक छोटासा प्रदेश आहे. त्या प्रदेशाच्या मध्यावर काय आहे एवढंच विचारलंत तर उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असंच येणार. त्याऐवजी त्या सगळ्या प्रदेशात कशाचा किती भाग आहे ते पाहा आणि सरासरी रंग भरा. काळ्या आकृतीने चौकोनाचा चौथा हिस्सा व्यापला असेल तर फिकट करडा, तीन हिस्से व्यापले असतील तर गडद करडा. लांबून पाहिलं की डोळा त्या छटा जुळवून घेतो आणि रेघ गुळगुळीत दिसते. तोतयाचा बंदोबस्त, अर्थात ‘अँटी-एलिअसिंग’, तो हाच.

यातली एक गोष्ट मात्र मला फार उशिरा उमगली. हा बंदोबस्त मोजतानाच करावा लागतो, मागाहून नाही. एकदा ‘आहे-नाही’ असा निकाल देऊन टाकला की खरी रेघ कुठून जात होती ही माहिती गेली. त्यानंतर कड कितीही घासा, पुसा, अंधुक करा; पायऱ्या बोथट होतील, पण हरवलेली रेघ परत येणार नाही.

चौथा आकडा

यापुढची गोष्ट माझ्या घरापासून मोटारीने पंधरा-वीस मिनिटांवर घडली, आणि मी इतकी वर्षं त्या रस्त्याने हिक्सविलला भाजी आणायला जात होतो याची मला अजून गंमत वाटते. लाँग आयलंडवरच्या ओल्ड वेस्टबरीत न्यू यॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था आहे. तिथे एका जुन्या हवेलीच्या गॅरेजात १९७० च्या दशकाच्या मध्याला संगणकचित्रांची प्रयोगशाळा सुरू झाली. तिथे युटाहून आलेले एड कॅटमुल आणि कॅलिफोर्नियाहून आलेले आल्वी रे स्मिथ काम करत. स्मिथ त्याआधी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांच्या ‘सुपरपेंट’ या रंगीत चित्रकामाच्या यंत्रावर रमले होते. पण भविष्यातल्या ऑफिसात रंगाला काही जागा नाही असं तिथल्या वरिष्ठांचं मत पडल्याने त्यांना बाहेर पडावं लागलं.

रंगीत पिक्सेल म्हणजे तीन आकडे: लाल, हिरवा, निळा. कॅटमुल यांना आकृतीच्या कडा गुळगुळीत हव्या होत्या, आणि त्या वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवून पाहायच्या होत्या. अडचण अशी, की कडेच्या पिक्सेलचा रंग मागे काय आहे त्यावर ठरतो. पार्श्वभूमी बदलली की सगळी आकृती पुन्हा मोजायला घ्यायची, आणि तेव्हाच्या यंत्रांवर त्याला बराच वेळ लागे. १९७७ च्या अखेरीस या दोघांनी ठरवलं की कड आधीच मिसळून टाकायची नाही. तीन आकड्यांच्या जोडीला चौथा आकडा ठेवायचा. या पिक्सेलचा किती हिस्सा आकृतीने व्यापला आहे, एवढंच तो सांगेल. मिसळणं मागाहून, पार्श्वभूमी ठरल्यावर. गणितातल्या सूत्रात या हिश्शाला ग्रीक अक्षर अल्फा वापरतात, म्हणून त्याचं नाव ‘अल्फा चॅनल’ पडलं.

एक उदाहरण देतो, म्हणजे माझ्या मरून फोटोचं काय बिनसलं तेही कळेल. उजेड ० ते २५५ असा मोजू. आईच्या साडीचा काठ गडद, समजा ४०. मागचं धुकं उजळ, २००. कडेच्या एका पिक्सेलवर साडीचा हिस्सा पाव आहे. तर फोटोत तो पिक्सेल दिसेल ४० चा पाव म्हणजे १०, अधिक २०० चा पाऊण म्हणजे १५०, एकूण १६०. आता मी कात्रीने हा पिक्सेल ‘आईचा’ ठरवून उचलला आणि मरूनवर ठेवला, जिथे उजेड २० आहे. एका बाजूला ४०, दुसऱ्या बाजूला २० आणि मध्ये १६०! हीच ती ट्यूबलाइट. तेच मला साडीचा खरा रंग ४० आणि तिचा हिस्सा पाव, हे वेगवेगळं ठाऊक असतं, तर नवा पिक्सेल झाला असता १० अधिक १५, म्हणजे २५. कुणाच्या लक्षातही आला नसता.

म्हणजे कडेच्या पिक्सेलमध्ये जुन्या पार्श्वभूमीचा रंग मुरलेला असतो आणि माणूस नव्या जागी नेला तरी तो बरोबर येतो. हे वाचून कुणाला स्वतःचं स्थलांतर आठवलं तर माझा नाइलाज आहे. मी पिक्सेलविषयीच बोलतो आहे.

ही मंडळी पुढे लुकासफिल्ममध्ये गेली. तिथे टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये या मिसळण्याचं रीतसर बीजगणित मांडलं. एक चित्र दुसऱ्यावर, दुसऱ्याच्या आत, दुसऱ्याच्या बाहेर, असे बारा प्रकार. रंग आधीच आपल्या हिश्शाने गुणून ठेवला तर हिशेब सोपा आणि बिनचूक होतो, हेही त्यांनी दाखवलं. त्या विभागातूनच १९८६ मध्ये पिक्सार ही कंपनी झाली. कॅटमुल, स्मिथ, पोर्टर आणि डफ या चौघांना १९९६ मध्ये ऑस्करवाल्या अकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. ज्या वर्षी मी आईला करवतीने कापत होतो, त्याच वर्षी!

घरोघरी कात्री

हे सगळं महागड्या प्रयोगशाळांतलं. सामान्य माणसाच्या टेबलावर ते आणलं नोल बंधूंनी. मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नोल याने १९८७ मध्ये, नुसते काळे-पांढरे ठिपके दाखवणाऱ्या मॅक प्लसवर करड्या छटांचा भास आणणारा प्रोग्राम लिहिला. भाऊ जॉन लुकासच्या स्पेशल इफेक्टच्या कंपनीत होता. त्याने त्यात आणखी काय काय हवं ते सुचवलं. १९८८ मध्ये अडोबीने तो घेतला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली. आपल्या लोकांना आणखी एका कारणाने हा प्रोग्राम जवळचा वाटे: सुरू होताना जी नामावळी झळके तिच्यात सीतारामन नारायणन हे नाव ठळक दिसायचं. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘लेअर’ म्हणजे थर आले आणि उचललेली आकृती पार्श्वभूमीपासून सुटी ठेवता येऊ लागली.

कडेवरचे तीन उपाय त्यात होतेच. पहिला अँटी-एलिअसिंगची खूण. निवड करण्याआधी ती केली की कडेच्या पिक्सेलना अर्धा-पाव हिस्सा मिळतो. माझ्याकडून १९९६ मध्ये ही खूणच राहिली होती, पायऱ्या त्याच्या. दुसरा ‘फेदर’, म्हणजे कड ठरावीक अंतरापर्यंत हळूहळू विरत नेणं. तिसरा ‘डीफ्रिंज’: कडेच्या पिक्सेलमधला मुरलेला जुना रंग काढून आतल्या बाजूचा रंग तिथे ओढून आणणं. बहिणीच्या फोननंतर मी सपाटून फेदर वापरलं. पायऱ्या गेल्या खऱ्या, पण आईचं डोकं वाफेतून वर आल्यासारखं दिसू लागलं. केस तर नव्हतेच. वर्षश्राद्धाचा दिवस जवळ आला होता. बहीण म्हणाली, “राहू दे दादा, लांबून बरा दिसतो,” आणि तोच फोटो भिंतीवर लागला. तो पुढे जवळजवळ अठ्ठावीस वर्षं तिथे होता. दर भारतभेटीत हार घालताना मी नजर खांद्याच्या कडेवरून काढून घ्यायचो.

केसांचा हिशेब

फोटोतून अल्फा काढणं इतकं अवघड का, हेही १९९६ मध्येच नेमकं मांडलं गेलं. स्मिथ आणि जिम ब्लिन यांच्या निबंधात ते आहे. कडेच्या प्रत्येक पिक्सेलपाशी आपल्याला तीन आकडे दिसतात. शोधायचे असतात सात: आकृतीच्या खऱ्या रंगाचे तीन, मागच्या रंगाचे तीन आणि हिस्सा एक. तीन समीकरणं, सात अज्ञातं! शाळेतलं बीजगणित आठवत असेल त्याला कळेल की याला एकच असं उत्तर असूच शकत नाही. मागचा रंग पूर्ण ठाऊक असला तरी अज्ञातं चार उरतात. तीच वस्तू जागची न हलवता दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर टिपली तर मात्र उत्तर निघतं, हे त्यांनी दाखवलं. पण १९८८ मधल्या त्या एका क्षणाचे दोन फोटो मी कुठून आणणार?

म्हणून पुढची वाट अंदाजाची झाली. चित्राचे तीन भाग करायचे: नक्की माणूस, नक्की मागचं, आणि मधला ‘सांगता येत नाही’ असा पट्टा. पट्ट्यातल्या प्रत्येक पिक्सेलसाठी आजूबाजूचे रंग पाहून सगळ्यांत संभवनीय हिस्सा काढायचा. २००१ पासून पुढे दहा वर्षांत या दिशेने भराभर प्रगती झाली आणि २०१७ च्या सुमारास लाखो नमुने पाहून शिकलेली यंत्रं हे काम करू लागली. आता तर खिशातल्या फोनवर बोट दाबून धरलं की माणूस फोटोतून सुटा होतो.

मागच्या वर्षी बेसमेंट आवरताना मला १९८८ ची ती निगेटिव्ह सापडली. ती नव्याने स्कॅन केली आणि आधी फोनलाच दिली. एका सेकंदात आई सुटी झाली. खांदा अगदी गुळगुळीत, पायरी नावाला नाही. पण डोक्याभोवतीचे उडणारे केस यंत्राने धुक्यात जमा करून टाकले होते. वेणीफणी करून बसवलेली आई. मग मी जुन्या पद्धतीने, तो मधला पट्टा हाताने रंगवत, आठ-दहा संध्याकाळी घालवल्या. जिथे बट दिसते पण धुक्यात मिसळलेली आहे, तिथे किती आई आणि किती नायगारा, हे एकेका ठिकाणी ठरवावं लागलं. मरून रंग सोडून दिला. मागे फिकट करडा ठेवला, म्हणजे मुरलेलं धुकं खुपत नाही. दोन-तीन बटा तरीही हाती लागल्या नाहीत.

फोटो पाठवला. रात्री बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. काही वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “अंबाडा सुटलाय रे तिचा.” नवा फोटो कुठे लावायचा हे ठरवायला तिने फोन भिंतीवरून फिरवला, तेव्हा पोपट समोर आला. मी म्हटलं, “थांब, जरा जवळ ने.” चोचीच्या गोलाईपाशी गडद लाल आणि पांढऱ्या कापडाच्या मध्ये फिक्या लाल धाग्याच्या फुल्या होत्या. शेपटीच्या कडेला पोपटी, त्याच्याही पुढे अगदी पिस्त्यासारखा रंग. काही ठिकाणी पुरती फुली नव्हतीच, एकच तिरपा टाका होता. हा पोपट मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

“हे फिके धागे मुद्दाम घातलेत का गं?” मी विचारलं.

“म्हणजे काय? मला शिकवताना ती उसवायला लावायची,” बहीण म्हणाली. “कडेला एकदम गडद घेतलं की पोपट चिकटवल्यासारखा दिसतो म्हणायची. तुला माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हतं. भरतकाम शिकायला मला कधी कुणी बसवलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. फोटो आता पोपटाच्या शेजारी लावला आहे. जुना बहिणीने टाकलेला नाही, कपाटात ठेवला आहे.